मार्लोला केट ओळखू का येत नाही?

प्रश्न : ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘शी स्टूप्स टू कॉन्कर’ या नाटकात चार्ल्स मार्लो हा तरुण हार्डकॅसल यांच्या घराला सराई समजतो, हे एक वेळ मान्य करता येईल, परंतु हार्डकॅसल यांची मुलगी केट, जिला पाहायला तो आला आणि नुकताच भेटला, तिलाच तासाभरात सराईतली नोकराणी समजतो, हे पटत नाही. शिवाय अशा फसवणुकीतून जमलेले लग्न सुखाचे कसे मानावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली पहिली शंका गोल्डस्मिथलाही सुचली असावी, कारण तिचे निरसन त्याने केटच्याच तोंडून केले आहे. पाहुण्याने तुम्हाला सराईतली मुलगी समजून माझ्याकडे चौकशी केली, असे दासी तिसऱ्या अंकात तिला सांगते, तेव्हा केट म्हणते की मघाच्या भेटीत त्याने एकदाही मान वर केली नाही, आणि केली असती तरी माझ्या टोपीआड त्याला माझा चेहरा दिसला नसता. वेषांतराची सोय तर पहिल्याच अंकात होऊन गेलेली आहे. सकाळी केटने मनासारखा नटवा पोशाख करावा आणि संध्याकाळी वडिलांच्या समाधानासाठी साधे घरगुती कपडे घालावेत, असा बापलेकींचा करारच आहे. त्यामुळे ती सोंग घेण्यासाठी कपडे बदलत नाही, रोजच्या संध्याकाळच्या वेषात वावरते आणि मार्लो आपण होऊन चुकतो.

तो चुकतो याचे कारण मात्र टोपीपेक्षा खोल आहे. आपले आयुष्य कॉलेजात नाहीतर सरायांमध्ये गेले, असे तो स्वतःच मित्राजवळ कबूल करतो. कुलीन स्त्रीसमोर त्याची वाक्ये अर्ध्यावर तुटतात, ती केटलाच पुरी करावी लागतात. मोलकरणीसमोर मात्र हाच गडी इतका सैल सुटतो की वाचताना थोडी चीडच येते. समोरची बाई कोण, हे तो कपड्यांवरून ठरवतो आणि त्यानुसार त्याची जीभ चालते किंवा अडखळते. आपल्याकडे देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये, जे मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आले, हाती लागलेल्या तसबिरीमुळे संशय पेटतो, येथे जिवंत चेहरा समोर असून पाहिला जात नाही.

आता फसवणुकीविषयी. केट दोन नव्हे, तीन रूपांत मार्लोसमोर येते, आणि माझ्या मते सारे नाटक तिसऱ्या रूपात आहे. चौथ्या अंकात हे घर हार्डकॅसल यांचे आहे हे कळताच मार्लो खजील होऊन निघू पाहतो. तेव्हा केट आपण या घरची गरीब नातेवाईक असल्याचे सांगते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येते. कूळ, पैसा आणि शिक्षण यांतल्या अंतरामुळे सन्मानाने लग्न करणे अशक्य आहे, असे तो म्हणतो खरा, पण तिच्या साधेपणाचा गैरफायदा घेणार नाही, हेही त्याच दमात सांगतो. मोलकरणीशी चाललेल्या लघळपणात हा माणूस कोठेच दिसला नव्हता. पाचव्या अंकात पडद्याआड दोघांचे वडील ऐकत असताना तो तिच्यासमोर गुडघे टेकतो, तेव्हाही त्याच्या लेखी ती निर्धनच असते. म्हणून मला यात फसवणुकीपेक्षा पारख अधिक दिसते. १८व्या शतकातल्या इंग्रज जमीनदाराघरी स्थळ वडील आणत. नवरा स्वतः तपासून घेण्याची संधी मुलीला क्वचितच मिळे, आणि केटला ती तिचा सावत्र भाऊ टोनी लम्पकिन याच्या खोडीमुळे मिळाली, कारण हे घर सराई असल्याचे मार्लोला त्यानेच सांगितले होते.

१५ मार्च १७७३ रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हा रडवेल्या, उपदेशपर सुखात्मिकांची चलती होती आणि व्यवस्थापक कोलमन यांना हे नाटक चालेल असे वाटत नव्हते. प्रेक्षक मात्र खळखळून हसले.

प्रश्न : घराला सराई समजण्याची कल्पना गोल्डस्मिथला सुचली कोठून? (तेच वाचक)

उत्तर : त्याच्या बहिणीने सांगितलेल्या आठवणीनुसार, पोरवयात आयर्लंडमधील आर्डा गावी त्याने उत्तम मुक्कामाची जागा विचारली असता कोणा थट्टेखोराने गावच्या जमीनदाराचे घर दाखवले. स्वारीने तेथे ऐटीत जेवण मागवले, मालकालाच आपल्याबरोबर मद्य घेण्याचा आग्रह केला आणि सकाळी बिल मागितल्यावर खरा प्रकार कळला.