वाचकांचे प्रश्न : जुन्या पद्मिनीचा सडलेला पत्रा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी रत्नागिरीत समुद्रापासून जवळ उभी असते. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या सिल आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा सडला आहे. आमचे डेंटर म्हणतात की सडका भाग कापून गॅस वेल्डिंगने नवा पत्रा जोडू आणि वरून सीलर भरू. दुसऱ्या गॅरेजचे म्हणणे असे की आतून आधी प्रायमर लावला नाही, तर गंज पुन्हा येणार. पण प्रायमर लावलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरेल कसे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दुसऱ्या गॅरेजचे म्हणणे बरोबर आहे आणि आपली शंकाही रास्त आहे. सिल ही आतून पोकळ असते. एकदा ती बंद झाली की आतल्या बाजूला ब्रश पोहोचत नाही, आणि गंज तर तिथूनच सुरू होतो. म्हणून वेल्डिंगनंतर जिथे हात जाणार नाही, त्या प्रत्येक पृष्ठभागाचा विचार वेल्डिंगच्या आधी करावा लागतो.

त्याआधी एक गोष्ट पाहावी. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही; फ्लोअर, सिल आणि दारांमधले खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. दोन्ही सिल एकाच वेळी कापल्या तर गाडी मधोमध खचते, आणि त्या स्थितीत नवा पत्रा जोडला की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर घ्यावी, दार काढायचे असल्यास त्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरता टाकून घ्यावा आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी नुसते टाके मारून दार बसवून पाहावे आणि चहूबाजूंची फट सारखी आहे की नाही, हे तपासावे. डेंटरला ही कटकट वाटली तरी आपण आग्रह धरावा.

आता प्रायमरविषयी. जस्तयुक्त ‘वेल्ड-थ्रू’ प्रायमर याच कामासाठी असतो. जुना आणि नवा पत्रा जिथे एकमेकांवर बसतात, त्या दोन्ही कडा चकचकीत होईपर्यंत घासून त्यांवर याचा पातळ हात द्यावा. नव्या पत्र्याच्या कडेला सुमारे ८ मिलिमीटरची भोके तीन-चार सेंटिमीटर अंतराने पाडून, त्या भोकांतून मिग मशीनने (तार आपोआप पुढे सरकवणारे विजेचे वेल्डिंग) खालच्या पत्र्याला वेल्ड भरतात. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या सर्वांत जवळची पद्धत हीच. मात्र भोकाच्या तळाशी आलेला प्रायमर खरवडून काढावा, कारण जस्त सुमारे ९०० अंश सेल्सियसला उकळते, तर पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास तापमान लागते. मध्ये अडकलेल्या जस्ताची वाफ झाली की ठिणग्या उडतात आणि वेल्ड सच्छिद्र होतो. ही वाफ श्वासात गेली तर थंडी-तापही भरतो, त्यामुळे काम हवेशीर जागी आणि योग्य मास्क लावूनच व्हावे.

वेल्डच्या अगदी लगतचा प्रायमर जळणारच. त्यामुळे रंगकाम संपल्यावर सिलच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात गंज रोखणारे मेण) फवारणे आवश्यक आहे, आणि खालची पाणी निघून जाण्याची भोके वॅक्सने किंवा सीलरने बुजलेली नाहीत, हे तारेने टोचून पाहावे.

आपल्या डेंटरच्या गॅस वेल्डिंगला मी सरसकट नावे ठेवणार नाही. मुरलेला कारागीर त्यानेही सुरेख काम करतो. पण एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा गॅसच्या उष्णतेने फार पसरतो, लाटा धरतो, आणि त्या लाटा लपवायला मग लांबी (पुट्टी) भरली जाते. मिगनेही सलग रेघ ओढू नये : एक टाका इथे, पुढचा वीतभर दूर, आणि मधला भाग हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. बॅटरीची तार सोडणे, पेट्रोलची टाकी उतरवणे, आतला गालिचा आणि सीट काढणे, ही कामे वेल्डिंग सुरू होण्याआधीच उरकलेली असावीत.

प्रश्न : सांध्यांवर न्हाणीघरात वापरतात ते सिलिकॉन चालेल का? आणि सीलर वेल्डिंगच्या आधी लावायचा की नंतर? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सिलिकॉन अजिबात नको. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते उघड्या पत्र्याला गंजवते. शिवाय त्यावर रंग बसत नाही. गाड्यांसाठी मिळणारा पॉलियुरेथेनचा सीम सीलर घ्यावा. तो वेल्डिंगनंतरच लावायचा, कारण आधी लावलेला सीलर जळतो आणि त्याचा धूर वेल्डमध्ये शिरतो. क्रम असा ठेवावा की वेल्ड घासून झाले, पत्रा थिनरने पुसला, इपॉक्सी प्रायमर बसला, की मग सीलर, आणि त्यावर रंग. गंजावर किंवा उघड्या पत्र्यावर थेट लावलेला सीलर वरून छान दिसतो, पण त्याच्या कडेखाली शिरलेले पाणी तिथेच कोंडून राहते. सीलर पातळ आणि सांध्यात दाबून भरावा. बोटभर जाड थर मारणाऱ्याला आतले काही लपवायचे असते, असे मी बेलाशक समजतो.

प्रश्न : सिलसाठी जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा वापरला तर गंजाचा प्रश्नच मिटेल ना? (एक वाचक, पणजी)

उत्तर : मिटत नाही. वेल्ड करायच्या जागी त्यावरचा जस्ताचा मुलामा घासून काढावाच लागतो, म्हणजे सर्वांत नाजूक ठिकाणीच तो उरत नाही. साधा सी.आर. (कोल्ड रोल्ड, बिनमुलाम्याचा) पत्रा घ्यावा, फ्लोअरला २० गेज आणि सिलला त्याहून जाड, १८ गेज. मात्र कापलेल्या जुन्या तुकड्याची जाडी मोजून मगच खरेदी करावी. नवा पत्रा पावसाळ्यात कापून उघडा ठेवू नये, कारण किनारपट्टीच्या हवेत घासलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो.