मराठी रॅपला पुन्हा बहर येईल का?

प्रश्न : ‘गली बॉय’नंतर रॅपची जी हवा झाली होती ती ओसरली, असे वाटत असतानाच आता मुलांच्या तोंडी मराठी रॅप ऐकू येते. हे पुनरागमन मानावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : २०१९ मध्ये चित्रपटामुळे जी लाट आली, तिचा मुख्य लाभ मुंबईच्या हिंदी रॅपला झाला, मराठी त्या काळी कडेलाच उभी होती. तरीही त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले व आरेच्या जंगलाचा प्रश्न थेट मांडला. त्यामुळे आजच्या घडामोडीला पुनरागमन म्हणण्यापेक्षा उशिरा मिळालेली संधी म्हणणे मला अधिक रास्त वाटते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे महाराष्ट्राबाहेरही वाजले, मात्र त्यात नाचाच्या ठेक्याचा वाटा शब्दांइतकाच आहे, हे विसरू नये. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन याने २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकले खरे, पण त्याची भाषा प्रामुख्याने हिंदी.

नव्या मुलांची खरी अडचण यमकाची आहे. मराठीत ‘आला, गेला, झाला’ असे क्रियापदाचे शेपूट आपोआप जुळते आणि चार ओळींतच कंटाळा येतो. जो कवी ओळीच्या मध्यावर, नामांत आणि बोलीतल्या शब्दांत यमक शोधतो, त्याचेच गाणे दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटते.