जपानी चित्रांतल्या झाडाफुलांचे अर्थ कसे ओळखायचे? ते सगळे चीनमधूनच आले का?

सगळे नाही. पाइन, बांबू, उमे, ऑर्किड, शेवंती यांच्यामागे चिनी विचार आहे. आयरिस किंवा सुसुकी गवताचा अर्थ मात्र जपानी कवितेत शोधावा लागतो. त्यामुळे 'या फुलाचा अर्थ अमुक' छापाच्या तक्त्यांवर विसंबू नका. आधी झाड नीट ओळखा, मग त्याच्या शेजारी काय काढलंय ते बघा.

बहुतेकांची गडबड ओळखण्यातच होते. उमेला सर्रास प्लम म्हणतात, पण ते जर्दाळूच्या जवळचं झाड. चित्रात त्याच्या पाकळ्या गोल आणि फूल फांदीला जवळजवळ चिकटलेलं असतं. पाकळीच्या टोकाला खाच आणि फुलाला लांब देठ दिसला, की ती साकुरा, म्हणजे चेरी. उमे ऐन थंडीत फुलतं, म्हणून चिनी विद्वानांनी त्याला पाइन-बांबूच्या जोडीला बसवून 'थंडीतले तीन मित्र' केलं: हाल सोसूनही न वाकणारे. जपानमध्ये हेच त्रिकूट शो-चिकु-बाई झालं आणि त्यातला निग्रह मागे पडून शुभशकुन पुढे आला. (तिथल्या हॉटेलांत थाळीचे दर्जेही याच नावांनी लावतात, सहसा पाइन सगळ्यात महाग.)

शाईच्या चित्रांतलं ऑर्किड फुलवाल्याकडचं जांभळं नव्हे. हे गवतासारख्या पानांचं, रानात कोणी बघत नसतानाही दरवळणारं, म्हणून सज्जनाचं प्रतीक. काढायची रीत ठरलेली: पहिलं लांब पान, दुसरं त्याला छेदून मध्ये डोळ्यासारखी फट, तिसरं त्या फटीतून आरपार. चीनमधलं सोंग राजघराणं बुडाल्यावर चित्रकार झेंग सिशाओने ऑर्किडच्या मुळांखाली मातीच काढली नाही. देशच गेला तर माती कुठली! त्याचं 1306 सालचं असं चित्र ओसाकाच्या संग्रहालयात आहे. जपानमध्ये हा विषय झेन भिक्षूंनी उचलला. त्यांच्यापैकी ग्योकुएन बोन्पोची ऑर्किडं जरूर बघा.

आता याच्या उलट उदाहरण. जपानी चित्रकार ओगाता कोरिनचे आयरिसचे घडीचे पडदे (नेझू संग्रहालय, टोकियो): सोनेरी वर्खावर निळी फुलं, हिरवी पानं, बस्स. माणूस नाही, पूल नाही, पाणीही नाही. चिनी प्रतीकांत याचं उत्तर मिळत नाही. 'इसेच्या कथा' या जुन्या जपानी ग्रंथात एक प्रवासी यात्सुहाशीच्या आठ फळ्यांच्या पुलाजवळ थांबतो आणि घरी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कविता रचतो. तिच्या पाच ओळींची पहिली अक्षरं जोडली की का-कि-त्सु-बा-ता, म्हणजे हेच आयरिस. जाणकाराला फुलं दिसली की विरह आठवायचा, पूल काढायची गरजच नव्हती.

सुसुकीचं तसंच: सोबत चंद्र असेल तर तो शरदातला, मग चित्रावर महिना लिहिलेला नसला तरी चालतं.