पोकेमॉन फायररेडचा नझलॉक, तिसऱ्या झटक्यात जमला

प्रश्न असा आहे की जुन्या एखाद्या रोल प्लेइंग गेममध्ये स्वतःवर अटी घालून कोणी गेम पूर्ण केलाय का, आणि पोकेमॉन फायररेडमध्ये नझलॉक सुरू करायचा तर काय लक्षात ठेवायचं. मी केलाय, फायररेडमध्येच, हॉस्टेलवर असताना, आणि पहिले दोन प्रयत्न सपशेल वाया गेल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फायररेड हा २००४ चा गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा गेम, १९९६ च्या मूळ गेमचीच नव्याने केलेली आवृत्ती. एरवी लहान पोरगं पण संपवतं. नझलॉकमध्ये प्रत्येक नवीन भागात जो पोकेमॉन पहिला समोर येईल तोच पकडायचा, तो हातातून निसटला तर त्या भागातून काही मिळणार नाही, आणि जो बेशुद्ध पडला तो मेला, त्याला सोडून द्यायचं. शिवाय प्रत्येकाला स्वतः नाव ठेवायचं. ही शेवटची अट ऐकायला फालतू वाटते पण खरी गोची तीच करते. २०१० मध्ये एका अमेरिकन मुलाने रुबी गेम असा खेळत खेळत त्याची कॉमिक्स काढली, तिथून हे पसरलं.

मी वर अजून तीन अटी घातल्या: लढाईत औषध वापरायचं नाही, पुढच्या जिम लीडरच्या (वाटेत एकेक करून हरवायचे ते मोठे खेळाडू) सगळ्यात तगड्या पोकेमॉनच्या लेव्हलच्या वर जायचं नाही, आणि लढाईचा प्रकार सेट ठेवायचा, म्हणजे समोरचा एक पडला की आपला बदलायची फुकट संधी नाही. तुम्हीसुद्धा अटी आधी वहीत लिहून ठेवा हो, मोबाईलमध्ये नको, वहीत, कारण एकदा लाडका पोकेमॉन मरायला टेकला की आपण वकिलासारखे पळवाटा शोधायला लागतो. सेव्ह स्टेटचं, म्हणजे हव्या त्या क्षणाला परत जायचं बटण समोरच असतं, ते बोलावत राहतं.

पहिला प्रयत्न मिस्टी या जिम लीडरच्या स्टारमीने संपवला, वॉटर पल्सने चौघं ओळीने गेले. दुसरा सिल्फ कंपनीत रायव्हलने संपवला (गेममधला आपला प्रतिस्पर्धी, त्याचं नाव मी बंड्या ठेवलेलं), त्यावर बोलण्यासारखं काही नाही, मी दोन वाजता झोपेत खेळत होतो.

तिसऱ्यात पहिला मृत्यू तर विरिडियन जंगलातच झाला आणि तोही लढाईत नाही. चिऊ नावाची माझी पिजी, पहिल्या रस्त्यावर मिळालेली, एका किडेवाल्या पोराच्या वीडलने तिला विष चढवलं. लढाई जिंकलो. पण अँटिडोट घेतलेलं नव्हतं, शंभरचं तर असतं, म्हटलं कशाला, पैसे बॉलसाठी राहू देत. या गेममध्ये विष चढलेला पोकेमॉन चालताना दर पाच पावलांना एक एचपी, म्हणजे जिवाचा एक पॉइंट, गमावतो आणि शून्याला पडतोच. चिऊचे सात उरलेले, म्हणजे पस्तीस पावलं. मी स्क्रीनवर बोट ठेवून चौकोन मोजले, बाहेर पडायलाच तीसच्या वर होते आणि पुढे शहरापर्यंतचा रस्ता वेगळाच. तरी चाललो. दर पाच पावलांना स्क्रीन थरथरायची आणि मी उगाच हळू चालायचो, जसं काय हळू चाललं तर विष कमी चढतं. रूममेट म्हणाला अरे पक्षी आहे तो, दुसरा पकड. तेच तर करता येत नव्हतं ना.

सुरुवातीला चारमँडर घेतला, नाव शेगडी. सगळे सांगतात आगीचा चारमँडर घेऊन ब्रॉकशी, म्हणजे दगडवाल्या पहिल्या जिम लीडरशी लढणं म्हणजे आत्महत्या, मग दुसरे सांगतात नाही नाही लेव्हल १३ ला मेटल क्लॉ मिळतो तो वापरा. मेटल क्लॉ चांगला आहेच, पण एंबर हा आगीचा अटॅक पण जवळपास तेवढंच डॅमेज देतं हे फार कोणी बोलत नाही. ब्रॉकच्या ऑनिक्सचा साधा बचाव दगडासारखा पण स्पेशल बचाव अगदीच पापड, आणि पोकेमॉन गेम्सच्या या पिढीत आगीचे सगळे अटॅक स्पेशलच धरले जातात. त्यामुळे दगडावर आग अर्धीच लागते हे खरं असलं तरी हिशोब जवळजवळ सारखाच येतो.

मिस्टीसाठी मला मिळाली ऑडिश. साध्या खेळात मी ऑडिशकडे ढुंकूनही बघितलं नसतं. हिचं नाव कोथिंबीर, गेममध्ये दहाच अक्षरं बसतात, इंग्रजीत नऊ अक्षरात बरोबर बसलं. मर्यादा २१ ची, स्टारमी पण २१ ची. कोथिंबीरने आधी स्लीप पावडर मारायची, मग अ‍ॅब्सॉर्बने थोडं थोडं रक्त प्यायचं, स्टारमी उठली की रिकव्हर करणार, परत झोपवायचं, पावडर चारातून एकदा चुकणार. असलं कंटाळवाणं युद्ध मी आयुष्यात खेळलो नाही आणि घाम पण एवढा कधी फुटला नाही. जिंकलो तेव्हा कोथिंबीरकडे अकरा एचपी होते, वहीत अकराला गोल केलेला अजून दिसतो.

वीजवाला जिम लीडर सर्ज, त्याला घूस नावाच्या डिगलेटने लोळवलं, जमिनीवाल्याला वीज लागतच नाही, विषय संपला. घूस पुढे सब्रिना या जिम लीडरच्या अलाकाझॅमने मारली. सिल्फ कंपनीत फुकट मिळालेली लॅप्रास म्हणजे होडी, रस्त्यात झोपलेला स्नॉरलॅक्स म्हणजे कुंभ्या (कुंभकर्ण, अजून काय ठेवणार), माउंट मूनमधला जिओड्यूड म्हणजे धोंडू. माउंट मूनमध्ये झुबॅट नाही आला हे माझं नशीब, तिथे बहुतेकांच्या वाट्याला झुबॅटच येतं.

कुंभ्यासाठी एक खर्च केला तो सांगतो कारण तुम्हाला उपयोगी पडेल. सेलाडॉनच्या गेम कॉर्नरमध्ये शॅडो बॉल ४५०० कॉइन्सला मिळतो, जुगार न खेळता विकत घेतले तर ९०,००० होतात. डोळे मिटून द्या. या पिढीत भुताचे अटॅक फिजिकल धरतात, स्नॉरलॅक्सची ताकद फिजिकलच, आणि त्याला स्वतःला भुताचा अटॅक लागत नाही. शेवटच्या लीगमधल्या अगाथाचे गेंगार, भुतंच ती, त्याच्यासमोर मेणासारखे वितळले.

लीगला, म्हणजे शेवटच्या सलग लढायांना, पाचच जण घेऊन गेलो, सहावा लायकीचा कोणी जिवंतच नव्हता. मर्यादा ५४ ठेवली, तिथली पहिली लोरेलाय, तिच्या सगळ्यात वरच्या पोकेमॉनची. आणि तिथेच धोंडू गेला. गेला म्हणजे मी पाठवला. लोरेलायची लॅप्रास समोर, माझी शेगडी मैदानात, शेगडीला सर्फ हा पाण्याचा अटॅक लागला की खेळ खल्लास, कोथिंबीर बर्फाने मरणार, होडी आधीच अर्धमेली, आणि कुंभ्या दोन फटके झेलू शकत होता पण तीन नाही. बदलीत आत आलं की एक फटका फुकट खावा लागतो. म्हणून धोंडूला आत टाकलं, सर्फ त्याच्यावर चौपट बसतो हे माहीत असून, त्याच्यामागून कुंभ्याला न खरचटता आणलं आणि दोन बॉडी स्लॅममध्ये काम झालं. हिशोब बरोबर होता. तरी वहीत धोंडूच्या नावापुढे कारण लिहायचा रकाना मी रिकामाच ठेवला.

शेगडी मात्र निव्वळ माझ्या घाईने गेली. लीगमधल्याच लान्सच्या ड्रॅगनेअरला ड्रॅगन क्लॉने पाडलं, खुश होतो, फास्ट फॉरवर्ड चालू होतं आणि मी ए ए ए दाबत होतो. नेहमीच्या प्रकारात गेम मध्ये थांबून विचारतो की बदलायचाय का, सेटमध्ये विचारत नाही. एरोडॅक्टिल कधी आला ते कळलंच नाही, माझा अटॅक निवडून झाला होता, तो शेगडीपेक्षा वेगवान, एन्शंट पॉवर, चारीझार्डवर (शेगडी मोठी होऊन तीच झालेली) चौपट. चिप्सच्या पुड्यात हात तसाच राहिला. पुढे ड्रॅगोनाइटला होडीने एकाच आईस बीममध्ये झोपवलं पण मजा नाही आली. लीगमध्ये फास्ट फॉरवर्ड बंद ठेवा, एवढं एक तरी ऐका.

शेवटी बंड्याचा ब्लास्टॉइज, लेव्हल ६३, समोर कोथिंबीर, आता व्हाइलप्लूम झालेली. बाकी होडी आणि कुंभ्या दोघं आडवे होण्याच्या बेतात. पहिली स्लीप पावडर चुकली. बाइट खाल्ला. दुसरी लागली. मग एरिका या जिम लीडरने दिलेला गीगा ड्रेन, एक, दोन, आणि तिसऱ्याला तो जागा व्हायच्या आत पडला. मिस्टीपाशी केलेलं तेच, फक्त यावेळी लवकर आटपलं.

आणि एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. लीग चालू असताना बॉक्स उघडता येत नाही, त्यामुळे मेलेले पण पार्टीतच राहतात. हॉल ऑफ फेममध्ये एकेकाचं चित्र आणि नाव येतं ना, तिथे होडी आली, कुंभ्या आला, कोथिंबीर आली, आणि मग धोंडू, आणि शेगडी. त्या दोघांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी रिलीज केलं, चहा पिऊन आल्यावर.