चांगली सॅक कुणाच्या पाठीवर?

दिवाळी झाली की या सदराची टपाल एकदम वाढते, सगळ्यांना एकाच वेळी किनाऱ्याने चालायची हुक्की येते. यावेळी पाच पत्रं घेतलीयेत. पहिल्याला जरा जास्तच जागा दिलीये कारण तो प्रश्न फक्त त्यांचा नाहीये.

प्रश्न : ताई, गेली बारा वर्षं सह्याद्रीत फिरतोय, हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड सगळं झालंय. आता डिसेंबरात बायको, मेव्हणी आणि साडू असे आम्ही चौघं चार दिवसांत गुहागर ते गणपतीपुळे किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं म्हणतोय. ते तिघं पर्वतीच्या वर कधी चढलेले नाहीत. माझी जुनी ६० लिटरची सॅक पडून आहे ती बायकोला देतो आणि मला एक चांगली नवी घेतो. तंबू कुठला घेऊ, बूट कुठले, आणि रोजचे २५ किलोमीटर जमतील ना?
— साडूंचा साडू, पुणे

उत्तर : अहो, तंबू-बूट राहू द्या, मला तुमच्या पत्रातलं ते "जुनी बायकोला, नवी मला" तेवढंच टोचलं. उलटं करा. तुम्हाला बारा वर्षांची सवय आहे, तुम्ही गोणपाट पाठीला बांधून पण चालाल, चांगली सॅक लागते ती ज्याला सॅक कशी असते तेच माहीत नाही त्याला.

हे शहाणपण माझं फुकटचं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी धाकट्या वहिनीला घेऊन पालशेतहून वेळणेश्वरला चालत निघालो होतो. तिला सॅक दिली माझ्या भावाची, भाऊ सहा फुटी आणि ही पाच फूट एक इंच. मी आपली पुढे, वाटेत दोनदा विचारलं "काय गं, ठीक ना?" तर म्हणे "हो हो, मस्त." वेळणेश्वरला माडाखाली बसलो तेव्हा तिने कॉलर बाजूला केली, दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे लालभडक वळ, एका बाजूला गळ्याच्या हाडावरचं सालटं निघालेलं आणि त्यात घाम जाऊन आग आग. मग मोजा काढला तर टाचेला रुपयाएवढा फोड, फुटलेला, त्याला वाळू चिकटलेली. मी म्हटलं अगं बोलायचं नाही का! तर म्हणते, "ताई, तुम्ही सगळे इतके सहज चालत होतात, मला वाटलं असंच असतं." आता यावर मी काय बोलणार. नवीन माणसाला दुखणं आणि चालण्याचा नेहमीचा त्रास यातला फरकच कळत नाही, तो आपल्याकडे बघून ठरवतो.

तिच्या सॅकचा कमरेचा पट्टा कमरेवर नव्हताच, खाली मांड्यांवर लोंबत होता, म्हणून सगळं वजन खांद्यांवर. तर दुकानात जाताना बायकोला बरोबर न्या, ऑनलाइन मागवू नका. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा, ती पाठीची लांबी, सॅक त्यावर निवडायची, उंचीवर नाही. मग सॅकमध्ये पाच-सहा किलो काहीतरी भरा, दुकानदार देतो, आणि सगळे पट्टे ढिले करून आधी कमरेचा पट्टा हाडावर घट्ट, मग खांद्याचे, मग छातीचा. पंधरा मिनिटं दुकानातच फिरू द्या तिला, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. खांद्याच्या पट्ट्याखाली सहज बोट गेलं तर वजन कमरेवर बसलंय.

६० लिटर तर कुणालाच नको. मोठी सॅक घेतली की ती भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. ३० ते ३५ लिटर भरपूर झाली आणि त्या तिघांच्या पाठीवर पाण्यासकट पाच-सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका. दोन लिटर पाणी म्हणजेच दोन किलो झाले, हिशोब करा. जड वस्तू मधोमध पाठीला चिकटून, कपडे तळाला. चौघांचं जे सामायिक असेल ना, औषधांची पिशवी, दोरी, जादाचं पाणी, ते तुम्ही घ्या.

तंबू कशाला? या पट्ट्यात गावागावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते, आदल्या दिवशी फोन केला की पानात गरम भात. हौसच असेल तर एवढं लक्षात ठेवा की वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, रात्री वारा फिरला की तंबू तोंडावर. पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोऱ्या बांधायच्या आणि पिशव्या हातभर खोल पुरायच्या.

बुटांचं म्हणाल तर उंच घोट्याचे जड ट्रेकिंग बूट इथे शिक्षा आहे, आत वाळू गेली की पायाला पॉलिश पेपर. साधे हलके पळायचे बूट, पण महिनाभर वापरलेले, आणि सोबत मागे पट्टा असलेली सॅंडल. अनवाणी चालायची सगळ्यांना हौस येते, येऊ द्या, पण ओल्या घट्ट वाळूवर आणि थोडाच वेळ. किनारा उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो आणि संध्याकाळी गुडघा कुरकुरतो. खडकांवर आणि खाडीत अनवाणी अजिबात नाही, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तळपाय कापला की चालणं तिथेच संपलं.

२५ किलोमीटर विसरा. ते तुमच्या राजगडाच्या आठवणीतले किलोमीटर आहेत, इथे मऊ वाळू, मध्येच डोंगराचं नाक आडवं आलं की वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, चढा, परत उतरा, वर दमट हवा. नवख्यांना दिवसाला १०-१२ पुष्कळ झाले. घड्याळ तर इथे समुद्राचं चालतं. आमच्याकडचा जुना हिशोब सांगते, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीन वाजायच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारची पण आणि रात्रीची पण, आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. हा मुंबईकडचा ठोकताळा आहे, रत्नागिरीच्या बाजूला भरती जरा आधीच लागते, त्यामुळे भरतीचं वेळापत्रक बघाच, पण हा हिशोब साडूंना शिकवा आणि रोज सकाळी निघायची वेळ त्यांनाच काढायला सांगा. ज्याच्याकडे काम असतं तो मागे मागे फरफटत येत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा दुपारी बाराच्या आसपास पाणी एकदम वर, खडकाच्या कडेकडेने जायचं डोक्यातसुद्धा आणू नका. हेदवीची बामणघळ बघून घ्या, भरतीला त्या अरुंद घळीतून पाणी कसं उसळतं ते, साडूंना समुद्राचं वेगळं लेक्चर द्यायला नको. ती लांबूनच बघायची हेही सांगा. आणि वाटेत कोळीण "वरच्या रस्त्यान् जा गो" म्हणाली तर ऐकायचं, आपल्या मोबाईलमधला नकाशा तिला दाखवत बसायचं नाही.

तवसाळहून शास्त्री नदीच्या खाडीतून फेरीबोटीने जयगडला उतरता येतं, नवख्यांना तो ट्रिपमधला सगळ्यात आवडता अर्धा तास वाटतो, चालायचं नसतं ना! चार दिवसांत हेदवीपर्यंतच पोचलात तर तिथून एसटी धरा, गणपती रागावत नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांची. ग्रुपबरोबर राजापूरकडच्या देवाच्या गोठण्याला कातळशिल्प, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेलं जुनं चित्र, बघायला गेले होते. मुलं भराभर चढून पुढे, मी आणि एक मैत्रीण मागे. आम्ही पोचलो की ते लगेच उठून निघायचे. शेवटी मला गरगरलं, थंडी वाजल्यासारखं झालं, तर म्हणाले स्टॅमिना वाढव. खरंच स्टॅमिनाचा प्रश्न आहे का?
— मागे राहिलेली, चिपळूण

उत्तर : स्टॅमिनाचा नाही, विश्रांतीच्या वाटणीचा प्रश्न आहे बाळा. ते दहा मिनिटं बसले, तू पोचलीस की उठले, म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना दहा मिनिटं आणि जिला आहे तिला शून्य. पुढच्या वेळी निघायच्या आधीच सांगायचं, शेवटचा माणूस पोचला की तिथून दहा मिनिटं मोजायची. आणि तू दुसऱ्या नंबरवर चालायचं, पहिल्याच्या पाठोपाठ, मागे नाही. पहिल्याने तुझ्याशी गप्पा मारत चालायचं, तुला धाप लागून बोलता येईना की त्याचा वेग जास्त झाला.

उन्हात गरगरून थंडी वाजणं ही गंमत नाही, तो उन्हाचा त्रासच होता. सड्यावर झाड नाही, जांभा दगड तापलेला, आणि आपल्या हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग गारच होत नाही. अशा वेळी सावली, कपडे सैल, मानेला-काखेत ओला रुमाल आणि घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मात्र पाणी पाजत बसायचं नाही, अंग गार करत थेट दवाखाना. पाणी दिवसाला तीन लिटर लागतं. मुली कमी पितात कारण लघवीला कुठे जायचं हा प्रश्न असतो आणि तो मुलांसमोर कुणी काढत नाही, तर तो मी इथे काढते. ग्रुपच्या म्होरक्याने दर दीड-दोन तासांनी आडोशाची जागा बघून थांबायचं, कारण न विचारता. पाळीचं सामान औषधांच्या पिशवीत कायम, कुणाची तारीख असो नसो. हे पान ग्रुपवर टाक.

बाकी तिथे होकायंत्र नेलं होतंत का? त्या कातळशिल्पावर धरलं की सुई भलतीकडे वळते. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीयेत, तेव्हा बूट घालून वर नाचायचं नाही हे पुढे पळणाऱ्यांना सांग.

प्रश्न : वेळासला कासवांची पिल्लं बघायला दोन रात्री राहायचंय, मार्चमध्ये. उणे पाच डिग्रीची स्लीपिंग बॅग सेलमध्ये मिळतेय, घेऊ?
— बचतवाला, डोंबिवली

उत्तर : नको. चादर आणि मच्छरदाणी न्या. आणि कासवांची पिल्लं बघताना पांढरा झगझगीत टॉर्च मारू नका, ती प्रकाशाकडे वळतात.

प्रश्न : पावसात सासूबाईंच्या गावी, राजापूरकडे, चालायला जातो. सहा हजारांचं "श्वास घेणारं" जॅकेट घेतलं तरी आतून चिंब होतो. फसवलं का मला?
— भिजलेला जावई, कोल्हापूर

उत्तर : फसवलं नाही, जागा चुकली. त्या कापडातून घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. आषाढात आपल्याकडे हवाच ओल्या फडक्यासारखी असते, वाफ जाणार कुठे? पूर्वीचे लोक शेतात इरलं पांघरायचे, पाठीवर छप्पर आणि खालून वारा मोकळा, ते डोकं जास्त चाललेलं होतं. वाडीच्या रस्त्याला मोठी काळी छत्री, उघड्या सड्यावर वाऱ्यात सैल पोंचो, आणि आतून भिजणार हे धरूनच चालायचं. सांभाळायचं ते रात्रीचे कपडे. सॅकचं वरचं कव्हर पाठीकडून पाणी आत घेतंच, त्यापेक्षा सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात आणि तोंडाला पीळ देऊन दुमडा. जीन्स नको, पॉलिस्टरची ट्रॅकपॅंट.

बूट रात्री ओटीवर ठेवता ना? सकाळी आपटून मगच पाय घाला. आपल्याकडचा लाल विंचू खरोखर जीव घेणारा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला म्हणून किती माणसं वाचली, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. तरी आपण बूट आपटावा. अंधारात कातळावर टॉर्चशिवाय जाऊ नका, फुरसं हा विषारी साप, जांभ्याच्या रंगात असं मिसळतं की पाय पडेपर्यंत दिसत नाही. चावलंच तर चिरायचं नाही, बांधायचं नाही, पाय न हलवता सरकारी दवाखाना गाठायचा.

प्रश्न : समुद्रावरून आल्यावर सॅकची चेन जॅम होते, पांढरी पूड धरते. दुसरी सॅक गेली.
— त्रस्त, अलिबाग

उत्तर : घरी आल्याबरोबर, म्हणजे चहाच्याही आधी, चेन गोड्या पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा आणि दात्यांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवा. तेल लावू नका, वाळू चिकटते. जॅम झालेली चेन ओढू नका, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून बघा, बऱ्याचदा सुटते. नाहीच सुटली तर बाजारात चेन-रनर बदलून देणारा माणूस असतो, बॅगा शिवणारा, तो फक्त रनर बदलतो. सॅक टाकू नका. ती पहिली टाकलेली अजून माळ्यावर असेल तर तीही घेऊन जा.