लाख-दीड लाखाची एर्गोनॉमिक (अंगाच्या मापाला बसवता येणारी) खुर्ची घ्यावी का? घ्यायची तर एरॉन की लीप?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की अमळनेरला घरून काम करता, दहा-दहा तास बसणं होतं, संध्याकाळपर्यंत कंबर धरते, उंची पाच फूट चार इंच, बजेट दीड लाखापर्यंत, तर हर्मन मिलरची एरॉन घेऊ का स्टीलकेसची लीप. मी जळगावला ऑटोकॅडवर ड्रॉइंगचं काम करतो, म्हणजे माझंही सगळं बसूनच, आणि मी लीप वापरतो, तर माझं मत थोडं तिकडे झुकलेलं असणार हे धरूनच पुढचं वाचा.

एक आधी सांगून टाकतो, दुखणं कमरेतून खाली पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, खुर्ची नंतर.

आता खुर्चीच्या आधी टेबल मोजा. खरंच, टेप घ्या आणि मोजा. आपल्याकडे टेबल सुताराकडून करून घेतलेलं असो का रेडीमेड, उंची अडीच फूट ठरलेलीच, म्हणजे ७५ सेंटीमीटरच्या आसपास. तुमच्या उंचीचा माणूस पाय जमिनीवर सपाट ठेवून बसला की त्याचं कोपर साधारण ६४-६५ सेंटीमीटरवर येतं. मधले दहा सेंटीमीटर कुठून आणणार? एकतर दिवसभर खांदे वर उचलून टाईप करायचं, नाहीतर खुर्ची वर घ्यायची, मग पाय लोंबकळतात, सीटची पुढची कडा मांडीत रुतते, माणूस आपोआप पुढे सरकतो आणि पाठ टेकतच नाही. पाठच लागणार नसेल तर लाखाचा टेकू काय कामाचा भो. टेबल लाकडी असेल तर सुताराला बोलवून पाय कापून घ्या, कापायचे नसतील तर पायाखाली जेवायचा एखादा उंच पाट ठेवा, महागडा फूटरेस्ट पण तेच करतो. लॅपटॉप असेल तर तो उंचावर आणि कीबोर्ड वेगळा, हे तुम्हाला माहीतच असेल.

एवढं करून महिनाभर बसा, कदाचित दीड लाख वाचतील. नाही वाचले तर पुढचं.

महागडी खुर्ची म्हणजे गादीसारखी मऊ असणार असं डोक्यात असेल तर शोरूममधे निराशा होईल, ह्या खुर्च्या पहिल्यांदा बसल्यावर कडकच वाटतात. पैसे जातात ते खुर्ची तुमच्या मापाला बसवायच्या सोयींना, आतल्या मेकॅनिझमला आणि वॉरंटीला, एरॉनला कंपनी १२ वर्षांची देते. म्हणून माप चुकलं तर सगळं पाण्यात.

एरॉन १९९४ ला आली, बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक ह्या दोघांचं डिझाईन. गंमत म्हणजे तिची मुळं म्हाताऱ्या माणसांसाठी चाललेल्या खुर्चीच्या कामात आहेत, तासनतास एका जागी बसून अंगाखाली गरम होतं, कातडीला जखमा होतात म्हणून त्यांनी फोम काढून ताणलेली जाळी लावली होती. ते वाचल्यावर मला आपला मे महिनाच आठवला. बाहेर ४५, खोलीत कूलर चालू, आणि फोमच्या खुर्चीत पाठ भिजून शर्ट चिकटलेला. जाळीच्या पाठीतून कूलरचं वारं थेट लागतं, ह्या एका गोष्टीत एरॉन खान्देशासाठीच केल्यासारखी आहे. (डिसेंबरात तीच जाळी पहाटे काम करणाऱ्याला शाल घ्यायला लावते ते वेगळं.)

पण तिच्यात सीट पुढेमागे करता येत नाही. त्याऐवजी तीन साईज येतात, ए, बी आणि सी. तुमच्या उंचीला बहुतेक बी बसेल, अंगानं बारीक असाल तर ए मधे पण बसून बघा. पूर्ण मागे टेकून बसायचं आणि सीटची कडा आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जातात का बघायचं. बोटं जात नसतील तर साईज मोठी आहे, सेल्समन काहीही सांगो.

दुसरी अडचण आपल्या सवयीची. आपण मांडी घालून बसणारी माणसं, फोनवर बोलताना एक पाय वर कधी गेला ते कळतही नाही, आणि एरॉनच्या सीटला कडेनं प्लास्टिकची कडक फ्रेम आहे ती घोट्याला आणि मांडीला टोचते. काही लोक म्हणतात चांगलंय, शिस्त लागते. मला पन्नास वर्षांची सवय मोडायला खुर्ची नको होती, हा मुख्य मुद्दा होता मी लीप घेण्यामागे. लीप १९९९ ची, फोमची, सीट सपाट, पाय वर घेतला तरी काही बोचत नाही. सीट पुढेमागे सरकते, पाठ वाकते तशी खुर्चीची पाठ वाकते, कमरेच्या टेकूचा कडकपणा वेगळा कमी-जास्त करता येतो. उन्हाळ्यात गरम होते, ते खरंय, त्याला इलाज कूलरच.

ह्या दोघींखेरीज स्टीलकेसचीच जेस्चर आहे, २०१३ ची, तिचे हात सगळीकडे फिरतात, मोबाईल-टॅबलेटवर बरंच काम असेल तर ती बघा, पण बजेट ताणेल.

कुठलीही बघा, मागे रेलून बघा. साध्या खुर्चीत पाठ आणि सीट एकदमच झुकतात, मग मांड्या वर येतात आणि टाचा उचलतात. चांगल्या खुर्चीत पाठ जास्त जाते, सीट थोडीच, टाचा जमिनीवरच राहतात. ही गोष्ट दोन मिनिटात कळते आणि ब्रोशर वाचून कळत नाही. दिवसभर ९० अंशात ताठ बसायचं हे शाळेतलं डोक्यातून काढा, थोडं रेललं की अंगाचा भार कमरेवरून टेकूवर जातो, फक्त रेलायचा ताण आपल्या वजनाप्रमाणे नॉबनं सेट करून घ्यायचा. खुर्चीच्या हातांची उंची टेबलाखाली जाईल एवढी कमी होते का तेही बघा. आणि हेडरेस्ट पाहिजेच असा हट्ट नको, टाईप करताना डोकं त्याला लागत नाही, तो डुलकी काढायला बरा.

गेमिंग चेअरच्या नादी तर लागूच नका. माझ्या भाच्याकडे भुसावळला एक आहे, दुसऱ्या उन्हाळ्यात रेक्झिन सोलायला लागलं, उठला की बनियनला काळ्या पापड्या चिकटलेल्या, वहिनी रोज झाडू घेऊन मागे.

बसून बघायला मात्र पुणे-मुंबई गाठावं लागेल, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा, सकाळी शोरूममधे अर्धा अर्धा तास निवांत बसा, मागच्या खिशातलं पाकीट काढून. तिथेच जुन्या ऑफिसांमधून निघालेल्या सेकंडहँड पण मिळतात, भाव बराच कमी. जुनी एरॉन असेल तर पाठीच्या वरच्या कडेला मागून हात फिरवा, बारीक उंचवटे लागतात, एक असेल तर ए, दोन बी, तीन सी. पूर्ण वर करून बसा, हळूहळू खाली उतरत असेल तर गॅस पंप गेलाय, तो बदलता येतो, भाव पाडून घ्या. पण सीटची जाळी फाटली असेल तर सोडून द्या, नुसती जाळी बदलत नाहीत, अख्खी सीट फ्रेमसकट घ्यावी लागते. आणि कंपनीची वॉरंटी पहिल्या खरेदीदारालाच असते, सेकंडहँडवर दुकानदार जी देईल तेवढीच.

नवीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी डीलरकडून लिहून घ्या की काही मोडलं तर माणूस अमळनेरला येणार का खुर्ची तुम्ही पुण्याला पाठवायची, भाडं कोणाचं. तोंडी सगळेच हो म्हणतात. ऑर्डर देतानाच फरशीसाठीची चाकं मागा, नेहमीची कडक चाकं कार्पेटसाठी असतात, आपल्या टाईल्सवर ती घसरतात आणि आवाज करतात.