"माझ्या पोराला नुसतं पाणी टोचलं का?"

काकू आल्या तेव्हा हातात रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी आणि त्यात मुलाचं संमतीपत्र, चार घड्या घातलेलं. खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं, "मॅडम एकच सांगा, माझ्या पोराला नुसतं पाणी टोचलंय का?" पोरगा मागे उभा, २४ वर्षांचा, मोबाईलमध्ये डोकं. सज्ञान आहे म्हणून आधी त्याला विचारलं आईसमोर बोलू का, तर म्हणाला बोला, नाहीतर घरी जेवायला नाही मिळणार.

झालं होतं असं की पोरगा डेंग्यूच्या लसीच्या ट्रायलमध्ये नाव देऊन आला होता. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केलेली, देशात १९ ठिकाणी मिळून १०,३३५ लोकं, एकच डोस आणि मग दोन वर्षं फॉलोअप. काकूंनी कागदात 'प्लासिबो' शब्दाखाली पेनाने रेघ मारलेली, आणि शेजारच्या नर्सिंगवाल्या मुलीने सांगितलेलं की म्हणजे खोटी लस, आत औषध नाहीच, ट्रायलमध्ये काहींना खरी देतात आणि काहींना ही.

मी म्हटलं, तुमच्या चाळीत मागच्या वर्षी डेंग्यू किती जणांना झाला? "सात-आठ तरी. शेजारचे भाऊजी आयसीयूत होते, प्लेटलेट वीस हजारावर आल्या." आणि यंदा? "दोघांनाच." मग समजा यंदा अख्ख्या चाळीला लस दिली असती, तर लसीमुळे कमी झाला म्हणायचं का? काकू फटकन म्हणाल्या, "छे, लस कसली, यंदा महापालिकेची माणसं टाक्या बघून गेली आणि पाऊस पण तसा नव्हता."

बस. उत्तर त्यांनीच दिलं. त्याच पावसात, त्याच डासांत राहणारी पण लस न मिळालेली माणसं बाजूला असल्याशिवाय लसीचं काम दिसत नाही, डेंग्यूत तर नाहीच, कारण तो एका वर्षी उसळतो आणि दुसऱ्या वर्षी गप्प.

"ते ठीक, पण सांगत का नाही कुणाला काय दिलं?" मी पोराकडे बघितलं. टोचून घेतल्यापासून याने मच्छरदाणी लावायची बंद केली होती, काकूंनी मगाशीच तक्रार केली होती ती. ज्यांना कळलं लस मिळाली ते असे बिनधास्त होणार, ज्यांना कळलं नाही मिळाली ते ओडोमॉस लावून बसणार, मग फरक लसीचा की ओडोमॉसचा? म्हणून डॉक्टरलाही माहीत नसतं आणि मलाही नाही. कुणाला काय मिळणार ते कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर, वशिला चालत नाही.

इथे मी एक गोष्ट सांगते जी ट्रायलचं काम करणाऱ्या आमच्यातल्या काहींना पटत नाही, उगाच घाबरवतेस म्हणतात. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर लोकांना, बहुतेक शाळकरी मुलांना, डेंग्यूची एक वेगळी लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीनेच सांगितलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लसीनंतर डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. हे कळलं कसं? ट्रायलमधल्या प्लासिबोवाल्या मुलांशी तुलना करून. ती मुलं नसती तर आजारी पडलेल्याकडे बघून सगळे म्हणाले असते, डेंग्यूच तो, होतोच.

काकू गप्प झाल्या. मग हळूच, "म्हणजे पाणी असलं तर याला संरक्षण नाहीच ना?" नाही. हे मी गोड करून सांगत नाही. कुत्रा चावलेल्याला कुणी प्लासिबो देणार नाही कारण रेबीजची लस चालते हे माहीतच आहे, पण डेंग्यूची मंजूर लस आपल्याकडे तेव्हा नव्हतीच, म्हणजे ट्रायलबाहेरच्या पोरालाही ती मिळाली नसती. आणि नको वाटलं तर तो कधीही बाहेर पडू शकतो, कारण विचारणार नाही कुणी.

इतका वेळ गप्प असलेला पोरगा तेव्हा बोलला, "पण माझं डोकं दोन दिवस दुखत होतं, म्हणजे खरीच मिळाली ना?" मी म्हटलं बाबा, फायझरच्या कोविड ट्रायलमध्ये पहिल्या डोसनंतर ५५ वर्षांपर्यंतच्या प्लासिबोवाल्यांत पण ३४ टक्क्यांचं डोकं दुखलं होतं.

काकूंनी कागद परत चार घड्या घालून पिशवीत टाकला आणि त्याला म्हणाल्या, "आज रात्रीपासून मच्छरदाणी."